दुर्मिळ प्राण्यांच्या फिगर्स जमवणारं कोणी आहे का? (माळढोक हवा आहे)

घोरपड

नमस्कार मंडळी.

मी प्राण्यांच्या छोट्या फिगर्स जमवतो. प्लास्टिकच्या, हाताने रंगवलेल्या, तळहातावर मावतील अशा. श्लाईश, पापो, सफारी, कलेक्टा, बुलीलँड ही त्यातली नेहमीची नावं. सुरुवात मुलीसाठी झाली. ती आता कॉलेजात गेली आणि प्राणी माझ्या खोलीत आले. (इथले निम्मे बापलोक आत्ता मान हलवत असतील.)

अडचण अशी की माझं कपाट म्हणजे निव्वळ आफ्रिका झालं आहे. सिंहांची अख्खी कुटुंबं, झेब्रे, जिराफ, पाणघोडे, वर तोंडी लावायला पेंग्विन. आपल्याकडचं काय, तर वाघ, हत्ती, मोर आणि नाग. श्लाईशचा एकशिंगी गेंडा आणि आपलं अस्वल मिळालं तेव्हा पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. त्यापुढे खडखडाट. माळढोक नाही, तणमोर नाही, शेकरू नाही, चौशिंगा नाही, पिसोरीचं तर विचारूच नका. रानकुत्रा म्हणून जे दाखवतात तो बहुतेकदा तांबडा रंग मारलेला लांडगा असतो.

तर प्रश्न दोन. आपल्याकडचे हे प्राणी कुठे मिळतात का? आणि दुर्मिळ फिगर नेमकी कशाला म्हणायचं? विकणारा प्रत्येक जण 'रेअर' लिहितो आणि तिप्पट भाव सांगतो.

मी_मठ्ठ

माझ्याकडे पाठवून द्या. घरात दीड वर्षाचा नग आहे. एका दुपारात सगळे दुर्मिळ करून देईल. शेपटीपासून सुरुवात करतो.

पोटमाळा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मगदुराप्रमाणे देतो.

श्लाईश ही १९३५ साली सुरू झालेली जर्मन कंपनी, मूळ गाव श्वेबिश ग्म्युंड. दरवर्षी नवे प्राणी काढतात आणि काही जुने बंद करतात. बंद झालेल्याला जमवणारे 'रिटायर्ड' म्हणतात. पण रिटायर्ड झाला म्हणजे दुर्मिळ झाला असं नाही. दहा वर्षं दुकानात असलेली गाय बंद झाली तरी जगभर घराघरांतल्या खोक्यांत ती पडलेली असतेच. खरी टंचाई होते ती अशा प्राण्याची, जो कोणाला नको होता म्हणून लवकर बंद झाला. आज सगळे शोधतात ते नेमके त्या वेळी न खपलेले. सिंहाला हे भाग्य कधीच लाभायचं नाही.

पोटाखाली छापलेला मजकूर वाचायची सवय लावा. जुन्या श्लाईशवर 'आम लिमेस ६९' हा कंपनीचा पत्ता दिसेल. सालही असतं, पण ते साचा तयार झाल्याचं असतं, तो नग बनल्याचं नव्हे. पुष्कळ विक्रेते त्या सालावरून फिगर जुनी असल्याचं सांगतात. ते अज्ञान असतं की हुशारी, हे ज्याने त्याने ठरवावं.

रंगकाम हाताने होत असल्यामुळे एकाच साच्यातल्या दोन वाघांचे चेहरे वेगळे निघतात. दुकानात जाऊन घेत असाल तर डोळे बघून घ्या. चकणा वाघ आयुष्यभर छळतो.

चहाबाज

पोटमाळाभाऊ, 'न खपलेले ते दुर्मिळ' याच्या उलट टोकाची गोष्ट सांगतो.

मी टोरांटोजवळ राहतो. इथे आपल्या लोकांच्या घरी 'रेड रोज' चहा असतोच, दूध-आलं घालून उकळायला बरा पडतो. १९६७ साली कॅनडात या चहाच्या खोक्यात चिनी मातीचा एकेक इवलासा प्राणी टाकायला सुरुवात झाली. बनवायची इंग्लंडमधली वेड पॉटरी. १९५३ पासून त्यांचे 'व्हिम्सीज' नावाचे छोटे प्राणी विकले जात होतेच. थोड्या दिवसांची जाहिरात म्हणून काढलेली टूम इतकी चालली की १९८३ मध्ये अमेरिकेतही सुरू झाली. एकूण ३० कोटींहून जास्त प्राणी वाटल्याचं कंपनी सांगते.

आता इथे घरातलं जुनं सामान काढताना प्रत्येकाला ते सापडतात. 'विंटेज, रेअर' लिहून शंभर-शंभर डॉलर मागतात. तेच थ्रिफ्ट शॉपमध्ये डब्यात भरून डॉलरला एक पडलेले असतात. माझ्याकडे आहेत भरपूर, सगळे आवडीचे. पण त्याला दुर्मिळ म्हणायला जीभ रेटत नाही.

कोथरूडची_मैना

चहात आलं घालून *उकळायला*. वाचूनच बरं वाटलं. परदेशात राहून पिशव्या बुडवणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

निशिकसाईकर

तोक्योहून +१.

घोरपड, तुम्ही युरोपकडे बघताय, जरा पूर्वेकडे बघा. इथे नाणी टाकून हँडल फिरवायचं, गोळा बाहेर येतो, त्यात प्राणी. गाचापोन. साधारण ३०० ते ५०० येन. मॉलमध्ये एकावर एक रचलेल्या मशीनच्या भिंतीच्या भिंती असतात. आमच्या निशिकसाईत निम्मी देशी पोरं शनिवारी तिथेच सापडतात, आणि मागे उभे त्यांचे बाप सुट्टे मोजत.

जपानी लोकांचं वेगळेपण असं की त्यांना सिंह-जिराफाचं कौतुक नाही. १९९९ मध्ये फुरुता या मिठाईच्या कंपनीने 'चोको एग' काढलं. चॉकलेटचं अंडं, आत सुटे भाग जोडून करायचा प्राणी, आणि प्राणी कोणते तर जपानातले. घडवायचे कायोदो कंपनीचे कारागीर, त्यात मात्सुमुरा शिनोबु हे मोठं नाव. लोकांनी प्राण्यांपायी इतकी अंडी विकत घेतली की चॉकलेट कोण खाणार हा प्रश्न पडावा. २०१८ मध्ये बांदाईने मातीत सापडणारा तो गोळा होणारा किडा काढला, आपण पैसाकिडा म्हणतो तसला. खऱ्यासारखा वळून गोळा होतो. त्याला वेगळं कवच लागत नाही, मशीनमधून गोळा होऊनच बाहेर येतो. त्यावरही लोकांच्या उड्या पडल्या.

म्हणजे स्वतःच्या बांधावरचा किडा कौतुकाने बनवणारा कोणीतरी लागतो. आपल्याकडे तो नाही, म्हणून माळढोक नाही.

वऱ्हाडी_ठेचा

काऊन नाही बाप्पा? आमच्या नागपुरात तान्ह्या पोळ्याले लाकडाचे बैल काय कमी येतात? इतकुशापासून ते पोराले ओढवत नाही एवढ्या मोठ्यापर्यंत. चाकं लावलेले, सजवलेले. भोसल्यांच्या काळापासूनची रीत आहे असं सांगतात. माह्या आज्याचा बैल आमच्याकडे आहे, शिसमाचा, डोळ्यात पितळी खिळे. तुमची श्लाईश तेव्हा जन्माले तरी आली होती का?

तुमाले प्लास्टिकच पायजे तर गोष्ट वेगळी.

घोरपड

ठेचाभाऊ, बैल सुंदरच असतात, वाद नाही. मला हवाय तो बघितल्यावर 'ही अमुक जात' असं सांगता येईल असा प्राणी. हस्तकलेत हत्ती हा हत्ती असतो, हरीण हे हरीण. पण ते चितळ की सांबर की काळवीट? बस्तरच्या ढोकऱ्यातलं, म्हणजे ओतीव धातूकामातलं, हरीण मला आवडतं, मात्र त्याची शिंगं कोणत्याच जंगलात सापडायची नाहीत.

तांबटआळी

हे असं बोलणाऱ्यांची मला गंमत वाटते. जात ओळखू यावी एवढंच हवं असेल तर पक्ष्यांचं पुस्तक घ्या की.

मी तीसेक वर्षं पितळी प्राणी जमवतोय. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, भंगारवाले, मोडीत निघालेले वाडे. आपल्याकडे शोभेचा प्राणी असा वेगळा फारसा नव्हताच, तो वस्तूत दडलेला असायचा. अडकित्त्याचा घोडा. वजरीच्या मुठीवरचा हत्ती किंवा पोपट. समईवरचा मोर, हंस. कुंकवाचा करंडा मासोळीचा. खंडोबाच्या घोड्याखाली कुत्रा. केळकर संग्रहालयात एकदा जा आणि नुसत्या अडकित्त्यांपुढे अर्धा दिवस उभे राहा. मग प्लास्टिकबद्दल बोलू.

नवख्यांसाठी थोडं. खिशात लोहचुंबक ठेवा. पितळेला चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वरून मुलामा. जुनी वस्तू झिजते ती हात लागतो तिथे, म्हणजे मुठीवर, पाठीवर, नाकाच्या शेंड्यावर. सगळीकडे सारखी झीज असेल तर ती यंत्राच्या पट्ट्याने केलेली. काळपट हिरवा रंग नखाने खरवडून निघाला तर तो गेल्या महिन्यातला. आणि कृपा करून घरी आणल्यावर चिंच-पितांबरीने घासू नका. शंभर वर्षांचा रंग दहा मिनिटांत जातो.

कोथरूडची_मैना

शेवटची सूचना सासूबाईंना दाखवली. म्हणाल्या, "मग दिवाळीला काय काळी भांडी मांडायची?"

रंकाळ्यावरचा

तांबट मालक, एकदम खरं बोललासा. पण घोरपडरावांचं बी एक बरोबर हाय. जुनी माणसं बघून करायची, मनानं न्हाई.

आमच्या कोल्हापुरात टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननातला काशाचा हत्ती हाय. वर माणसं बसल्यात. पाचेक सेंटिमीटरचा असंल, काडेपेटीएवढा. १९४४-४५ च्या उत्खननात सापडलेला, सातवाहन काळातला. त्याच खजिन्यात रोमन लोकांकडनं आलेला ग्रीक समुद्रदेव पोसायडन बी घावला. सगळी गर्दी पोसायडन बघाय जाती, हत्तीकडं कोण बघत न्हाई. तो हत्ती बघा एकदा. चालतोय असं वाटतं.

अडगळ

विषय निघालाच आहे तर दायमाबाद राहून कसं चालेल.

१९७४ साली प्रवरेकाठी, श्रीरामपूर तालुक्यात, झाडाची मुळं खणताना एका भिल्ल शेतकऱ्याला काशाच्या चार वस्तू मिळाल्या. हत्ती, गेंडा, म्हैस आणि दोन बैलांचा रथ हाकणारा माणूस. भरीव ओतकाम, सगळ्यांचं मिळून वजन साठ किलोंच्या वर. प्राणी चौथऱ्यावर उभे आणि खाली चाकं. त्यांचा काळ कोणता यावर अभ्यासकांची भांडणं झाली. पुरातत्त्वज्ञ धवलीकर उत्तर हडप्पा काळ म्हणतात, तर धातूतल्या आर्सेनिकवरून इतरांनी शंका काढल्या. रथ दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि प्राणी मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात.

आता घोरपडसाहेबांचा मुद्दा. त्या गेंड्याच्या कातडीच्या घड्या बघा. ज्याने तो केला त्याने गेंडा पाहिला होता किंवा पाहिलेल्याकडून शिकला होता. आज आपण गेंडा म्हटलं की आसाम म्हणतो, पण गुजरातेत लांघणजला पुरातत्त्वज्ञ सांकलियांना गेंड्याचं हाड मिळालं होतं, आणि बाबराने सिंधूकाठी गेंड्याची शिकार केल्याचं स्वतः लिहून ठेवलं आहे. म्हणजे 'आपल्याकडचे प्राणी' ही यादीही बदलत गेली.

शिवाय इनामगावच्या उत्खननातला मातीचा बैल. मातीच्या डबीत एक देवी, वर दुसरी बिनडोक्याची देवी आणि शेजारी बैल. बैलाच्या पाठीला आणि देवीच्या पोटाला भोक, काडी घातली की देवी बैलावर बसते. तीन हजार वर्षांपूर्वीची जोडाजोडीची फिगर! निशिकसाईकर, तुमच्या चोको एगच्या आधी.

निशिकसाईकर

मान्य. फक्त चॉकलेट नव्हतं.

तांबटआळी

अडगळ, उत्तम प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

सुगरण_पक्षी

सगळे जाणकार जमलेत म्हणून विचारते. आजीच्या ट्रंकेत एकामागे एक चालणारे सात हत्ती मिळाले, पुलासारख्या कमानीवर. पांढरट पिवळे. आजी हस्तिदंती म्हणायची. धाकट्या दिरांचं म्हणणं, विकले तर बरेच पैसे येतील. कुठे दाखवावेत?

मी_मठ्ठ

मी घेतो. पत्ता पाठवा.

किंचित_वकील

मठ्ठसाहेब, गमतीतसुद्धा असं लिहू नका. सुगरणताई, कुठेही विकायला काढू नका. जाहिरातही टाकू नका.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ साली दुरुस्ती होऊन भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकन हस्तिदंतही त्यात आलं. वस्तू आजीची आहे, जुनी आहे, आम्ही हत्ती मारला नाही, यातलं काहीही विक्रीला उपयोगाचं नाही. घरात ठेवायलाही वनखात्याचं मालकी प्रमाणपत्र लागतं, आणि पुढच्या पिढीकडे ते वारसाहक्कानेच जाऊ शकतं.

मात्र आधी ते हस्तिदंत आहे का हे बघा. अशी पुष्कळ कोरीव कामं उंटाच्या किंवा इतर हाडाची असतात. भिंगातून बघितल्यावर हाडात बारीक काळसर ठिपके किंवा रेघोट्या दिसतात. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेषांची जाळी दिसते. शंका उरली तर स्थानिक वकील गाठा आणि मग वनखात्याकडे जा.

तांबटआळी आणि इतर जुन्याच्या शौकिनांसाठीही सांगून ठेवतो. १९७२ चाच दुसरा कायदा पुरावस्तूंचा. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती पुरावस्तू ठरू शकते. तिची नोंदणी करावी लागते आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा 'दीडशे वर्षांपूर्वीचा आहे, अमेरिकेला पाठवतो' म्हणणारा एकतर खोटं बोलतोय किंवा गुन्हा करतोय.

सुगरण_पक्षी

बापरे. धन्यवाद. भिंग आणते आधी. दिरांना हा प्रतिसाद पाठवला, त्यांचा 'पाहिलं' असा खुणेचा टिक आला, उत्तर नाही.

चहाबाज

रच्याकने (जाता जाता), परदेशातून भारतात फिगर पाठवण्याबद्दल. पूर्वी भाच्यांना सहज पाठवायचो. २०२० मध्ये खेळण्यांवरचं सीमाशुल्क २० वरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. शिवाय २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय शिक्का लागतो. येताना बॅगेत घालून आणलेलंच परवडतं.

घोरपड

त्याचा फटका मलाही बसतोय. भारतातल्या दुकानांत परदेशी मालाचे प्रकार कमी झालेत. आता जुन्या लोकांकडूनच खरेदी चालते.

रस्त्यावरचा_वाचक

माळढोक संरक्षित पक्षी आहे. घरी पाळणं गुन्हा आहे. असे धागे संपादकांनी ताबडतोब उडवावेत. लोकांना लाज कशी वाटत नाही?

पोटमाळा

शीर्षकाच्या खालीही मजकूर असतो हो.

रस्त्यावरचा_वाचक

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

पेणची_पोर

इतका वेळ नुसती वाचत होते. सगळे माळढोक कुठे विकत मिळतो विचारताय, बनवून का घेत नाही?

मी पेणची. आमच्याकडे, जोह्यात, हमरापुरात घराघरांत गणपतीचे कारखाने. शाडू मळणारे, साचे काढणारे, आखणी करणारे, डोळे उघडणारे, सगळे वेगवेगळे. डोळ्यांच्या आखणीवाल्याला वेगळा मान असतो. पोटमाळाकाका चकण्या वाघाबद्दल लिहितात ना, तो वाघ आमच्या आखणीवाल्याकडे द्या. माझे काका गणपतीच्या वाहनांचे उंदीर-मोर इतके जिवंत करतात की मूर्तीपेक्षा लोक उंदराचं कौतुक करतात. (बाप्पा क्षमा करो.)

चतुर्दशीनंतर थोडा निवांतपणा असतो. त्या दिवसांत मूळ नमुना करून मिळू शकेल. त्यावरून रबराचा साचा काढला की दहा-वीस प्रती रेझिनमध्ये निघतात. शाडू नको, पातळ पायांना टिकणार नाही.

घोरपड

पोरी, हे सुचलंच नव्हतं. खर्च साधारण किती?

पेणची_पोर

नमुन्याला खरा वेळ आणि पैसा. प्रती स्वस्त पडतात. दहा जण मिळून घेतलंत तर परवडेल. काकांना विचारून सांगते, इथे आकडा टाकत नाही, मग तोच धरून बसाल.

आल्त_सांज

गोंयकार हजर! माळढोकाबरोबर गव्यालाही धरा. गवा आमचा राज्यप्राणी. तरी गोव्यात पर्यटकांना विकायला कोंबडा आहे, मासा आहे, बाटली आहे, गवा नाही. डिचोलीच्या कुंभारांकडे भाजल्या मातीचा करून घेता येईल. गवा पायांनी दणकट, मोडणार नाही. गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे घातलेले असतात, ते विसरले तर म्हैस होईल.

संगणक_साळुंकी

एवढा खटाटोप कशाला? त्रिमितीय प्रिंटर आहे. फाइल बनवा, रेझिन प्रिंट करा, मापही हवं ते. पेणच्या काकांचा वेळ वाचेल.

तांबटआळी

आणि काकांचं काम जाईल. छान.

संगणक_साळुंकी

काका, मी प्रिंट म्हणालो, रंग नाही म्हणालो. प्रिंट करड्या रंगाचा निघतो, डोळे उघडायला आखणीवाला लागणारच. शिवाय प्राण्याचं मूळ शिल्प संगणकावर करायलाही कोणीतरी शिल्पकार लागतो. बटण दाबलं आणि माळढोक निघाला असं होत नाही. फक्त दुसऱ्या कंपनीची फिगर स्कॅन करून विकायला काढू नका, ती चोरी.

पोटमाळा

हे पटलं. मग मापाचं ठरवा. जमवणारे मापावरून भांडतात. माझ्या कपाटात पापोचा ससा आणि श्लाईशचा हत्ती शेजारी ठेवले तर ससा गर्भश्रीमंत वाटतो.

नान्नजचा_माळ

उशिरा आलो. सोलापूरचा आहे, नान्नजच्या माळावर माळढोक पाहिलेल्या थोड्या लोकांपैकी एक. हे अभयारण्य १९७९ चं. आता तिथे पक्षी दिसणं हीच बातमी असते. देशात मोकळ्या रानात दीडशेच्या आसपास उरलेत, बहुतेक राजस्थानात. तेव्हा फिगर करणार असाल तर नीट करा, कारण पुढे पोरांना तीच बघायला मिळायची शक्यता आहे.

नर उभा सुमारे मीटरभर उंच भरतो. एकास दहा मापाने दहा सेंटिमीटर, तळहातावर बसतो. डोक्यावर काळी टोपी, मान पांढरी, छातीवर काळा पट्टा. मादी लहान, तिचा पट्टा तुटक किंवा नसतोच. पायाला तीनच बोटं, तिन्ही पुढे. मागचं बोट या कुळात नसतं. बहुतेक चित्रकार सवयीने कोंबडीसारखं चौथं बोट काढतात. पेणच्या ताईंनी काकांना हे आधी सांगावं, म्हणजे नमुना पुन्हा करावा लागणार नाही.

पेणची_पोर

सांगितलं. म्हणाले, "तीन बोटांवर उभा राहील का पडेल?"

नान्नजचा_माळ

खरा राहतो.

घोरपड

खाली माळाचा चौथरा देऊ, गवताच्या दोन काड्या पोटाला टेकू म्हणून. दायमाबादचे प्राणी चौथऱ्यावर चालतात तर आपलाही चालेल. आणि पायांत तार.

माझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाली असं समजतो. दुर्मिळ म्हणजे कोणाला नको होतं म्हणून कमी निघालेलं, हे पोटमाळाचं म्हणणं मला जास्त पटलं. चहाबाजांचे ३० कोटी ऐकल्यावर तर खात्रीच. आपले वीस माळढोक निघाले तर पैशात त्यांची किंमत शून्य असेल, कारण विकणारं कोणी नसेल.

तांबटआळी

एक प्रत माझ्या नावे लिहा. पितळी ओतता आली तर दोन.

वऱ्हाडी_ठेचा

दोन मले. चाकं लावून देजा, पोरगं तान्ह्या पोळ्यात नेईन.

रंकाळ्यावरचा

बैलांच्या रांगेत माळढोक! फोटो टाकायचाच.

कोथरूडची_मैना

अवांतर, पण उपयोगाचं. माझ्या मुलाचे जुने प्राणी पावसाळ्यात चिकट झालेत, हाताला लागतं. टाकून देऊ का?

पोटमाळा

टाकू नका. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून घातलेलं तेलकट द्रव्य वर्षांनी बाहेर येतं, उष्ण दमट हवेत जास्त. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, मऊ ब्रश, सावलीत वाळवा. थिनर किंवा नेलपॉलिश काढायचं पाणी अजिबात नको, रंगही जाईल आणि प्लास्टिकही विरघळेल. प्लास्टिकच्या बंद पिशवीत कोंबून ठेवू नका. पाय वाकले असतील तर गरम पाण्यात थोडा वेळ धरून सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा.

कोणाकडे जुने ब्रिटिश शिशाचे प्राणी असतील तर ते मात्र पोरांच्या हाती देऊ नका. लाकडाच्या, विशेषतः ओकच्या बंद कपाटात आम्ल वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते. ती झटकू नका, नाकात जाते. हात धुवा, काचेत ठेवा.

मी_मठ्ठ

आमच्या नगाने परवा एक निळा घोडा चावून चावून गुळगुळीत केलाय. प्लास्टिकच आहे ना बघतो. जातोच.

पेणची_पोर

काकांचा निरोप. नर की मादी, ते एक ठरवा. शेपूट वर उचलून, गळ्याची पिशवी फुगवलेला नाचणारा नर हवा असेल तर साचा दोन तुकड्यांत निघेल आणि खर्च वाढेल. नुसता उभा असेल तर एकात. पितृपक्ष संपेपर्यंत कळवा.

नान्नजचा_माळ

नाचणारा. वर्गणी वाढवा.

चहाबाज

नाचणारा. माझे दोन लिहा, डिसेंबरात येतोय, बॅगेत नेतो.

पोटमाळा

उभा. शेपूट वर असलेले सगळे आधी शेपटीलाच मोडतात, मठ्ठरावांना विचारा.